नियम पाळले, माणूस राहून गेला

10 जून 2020. जळगावच्या शासकीय रुग्णालयातील शौचालयात 82 वर्षांच्या एका आजीचे प्रेत सापडले. कोरोनाची ही रुग्ण 2 जूनपासून बेपत्ता होती. दुर्गंधी आली तेव्हा कुठे शोध लागला. पुढे अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले आणि प्रकरण बातम्यांतून उतरले.

एक साधा हिशेब करा. दिवसाच्या तीन पाळ्या धरल्या तरी आठ दिवसांत चोवीस वेळा ड्यूटी बदलली. चोवीस वेळा कुणीतरी कुणाच्या तरी ताब्यात रुग्ण दिले, वहीत सह्या झाल्या. तरी एक माणूस हिशेबातून गळला, आणि तो गळल्याची टोचणी पुरेशा जोराने कुणाला लागली नाही.

बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' या 1936 च्या भाषणात नियम आणि तत्त्व यांत फरक केला आहे. नियम काय करायचे ते सांगतो. माणूस ते सवयीने उरकतो. तत्त्व मात्र विचार करायला लावते, म्हणून कृतीची जबाबदारी करणाऱ्यावर येते. हे विवेचन धर्माबद्दल आहे, पण अतिदक्षता विभागात ते रोज खरे ठरते. दर तासाला नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन लिहिणे हा नियम. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण बोलू शकत नाही म्हणून त्याच्या वतीने आपण जागे राहायचे, हे तत्त्व. अंग पुसताना पडदा ओढणे, हात बांधावे लागले तर ते का आणि किती वेळ हे स्वतःला विचारणे, डोस चुकीचा वाटला तर डॉक्टरला थांबवणे, या गोष्टी तक्त्यात भरता येत नाहीत. परिचारिकेची नैतिक जाणीव म्हणतात ती हीच.

विनयपिटकातला प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला होता. तो इतरांच्या उपयोगाचा नव्हता, म्हणून कुणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदासोबत त्याला स्वतः धुतले, उचलून निजवले आणि संघाला जाब विचारला. शुश्रूषा करणाऱ्याचे गुणही त्यांनी सांगितले. त्यांत औषधपाण्याचे ज्ञान आहे, लोभाऐवजी मैत्री आहे आणि मलमूत्राची किळस नसणेही आहे. ज्या समाजाने मलमूत्राला हात लावणाऱ्याला अस्पृश्य ठरवले, त्याला हा गुण कळायला किती शतके लागावीत?

आता प्रश्न आपल्याच कार्यकर्त्यांना. जळगाव-धुळ्याच्या सिव्हिलमध्ये आपला माणूस दगावला की आपण जमतो. आवाज कुणावर चढवतो? समोर उभ्या असलेल्या सिस्टरवर. ती सिस्टर बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतली, जीएनएम करून कंत्राटावर लागलेली असते. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकाप्रमाणे अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका हवी. एकीच्या अंगावर चार-पाच खाटा टाकल्या, तर उरलेल्या रुग्णांचे हात बांधले जाणारच, धोक्याची घंटा बंद केली जाणारच. जाणीव असूनही वागता येत नाही, तेव्हा माणूस आधी तळमळतो आणि मग हळूहळू बधिर होतो. तो बधिरपणा आपल्याला उद्धटपणा वाटतो.

वरचे मात्र सुटतात. अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात 6 नोव्हेंबर 2021 रोजी अतिदक्षता विभागाला आग लागून 11 रुग्ण गेले. जिल्हा शल्यचिकित्सकांचे निलंबन झाले. अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. आगीपासून बचावाची यंत्रणा उभारणे परिचारिकेच्या हातात असते का? अधिकार वर आणि शिक्षा खाली, ही उतरंड आपल्याला नवी नाही.

या उतरंडीत तोंड उघडायचे कसे? जळगावची आदिवासी लेक डॉ. पायल तडवी पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईच्या नायर रुग्णालयात गेली. 22 मे 2019 रोजी तिने जीवन संपवले. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप आहे. डॉक्टर झालेल्या मुलीची ही गत, तर अकरा महिन्यांच्या कंत्राटावरची परिचारिका 'साहेब, हा डोस चुकतोय' हे कुठल्या बळावर म्हणेल?

म्हणून परिचारिकांना सगळे माफ करा, असे मी म्हणत नाही. सातपुड्यातून आलेला पावरा बाप कागदावर अंगठा उठवतो, तेव्हा त्याला काय समजले हे विचारायला जादा मनुष्यबळ लागत नाही. बाहेर बसलेली माय 'सिस्टर, मना पोऱ्या कसा शे?' विचारते, तेव्हा तिच्या बोलीत दोन वाक्ये सांगायला शासनाचा जीआर लागत नाही. आडनाव पाहून आवाज बदलत असेल, तर त्याला कामाचा ताण हे कारण देता येत नाही. व्यवस्था तोकडी असली तरी तत्त्व सुटत नाही. मात्र तत्त्व पाळणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणे हे चळवळीचे काम आहे.

मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी आठ तासांच्या कामासाठी पावले उचलली. थकलेल्या माणसाकडून माणुसकीची वसुली करता येत नाही, हे त्यांना कळत होते. मग पुढच्या वेळी सिव्हिलवर जाताना घोषणांसोबत एक अर्जही न्या. माहितीच्या अधिकारात विचारा: अतिदक्षता विभागात खाटा किती, प्रत्येक पाळीत परिचारिका किती, रिक्त पदे किती, कंत्राटी किती, आगीची तपासणी शेवटची कधी झाली? उत्तर हाती आले की ते घेऊन अधिष्ठात्यांच्या दालनात जा, आणि जाताना त्या सिस्टरलाही सोबत घ्या.

ती आजी आठ दिवस कुणाला सापडली नाही. आपण निदान आकडे तरी शोधू.

जय भीम!