पाणी उकळलं, मग बाळाला चालेल ना?

एका भगिनीचं पत्र आलंय. घरच्या विहिरीला लागून गोठा नि उकिरडा, पलीकडे भाजीचे वाफे. बाळ चार महिन्यांचं. अंगावरचं दूध पुरत नाही म्हणून पावडरचं सुरू केलंय. त्या विचारतात, "पाणी वीस मिनिटं उकळते, मग भीती नाही ना? सासूबाई म्हणतात, आमची सगळी ह्याच विहिरीवर वाढली."

भगिनी, उकळल्यानं जंतू मरतात, पण पाण्यातलं नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं, तसं त्याचं प्रमाण वाढतं. तुरटीनं किंवा गाळण्यानंही ते निघत नाही.

हे येतं कुठून? हवेत 78 टक्के नायट्रोजन असतो, पण झाडांना तो थेट घेता येत नाही. तूर, हरभरा, भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तो पकडून झाडाला देतात. तीच तूर वरण होऊन आपल्या अंगी लागते. शेण, मूत्र, पालापाचोळा मातीत पडला की तिथले जिवाणू त्याचा अमोनिया आणि पुढे नायट्रेट करतात. ते मुळं शोषून घेतात. उरलेल्यातलं काही दुसरे जिवाणू पुन्हा हवेत सोडतात. असं हे रहाटगाडगं अखंड चालू असतं.

झाडं घेतील त्याहून जास्त घातलं की ते बिघडतं. युरियात 46 टक्के नायट्रोजन! जास्तीचं नायट्रेट माती धरून ठेवत नाही. पावसाबरोबर ते झिरपत विहिरीत उतरतं. त्याला ना रंग, ना वास.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. ओठ, नखं निळसर दिसतात. अमेरिकेतल्या आयोवात 1945 साली डॉ. कॉम्ली यांनी विहिरीच्या पाण्याशी ह्या आजाराचा संबंध दाखवून दिला. असा निळेपणा दिसला तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

आता एवढं करा. पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको. अहवाल येईपर्यंत बाळाच्या दुधाला तपासलेलं दुसरं पाणी उकळून वापरा. अंगावर पाजणं सोडू नका. आईच्या दुधात नायट्रेट फारसं उतरत नाही. उकिरडा विहिरीपासून लांब हलवा. वाफ्यात युरिया मुठीमुठीनं टाकू नका, मधूनमधून चवळी, घेवडा लावा.

आणि सासूबाईंना गोडीनं सांगा, "तुमची बाळं तुमच्या दुधावर वाढली, नि तेव्हा वाफ्यात युरियाही नव्हता." नातवासाठी त्या नक्की ऐकतील.