मागे राहिलेल्यांचे काय?

१७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगीजांनी वसईचा किल्ला खाली केला आणि दोनशे पाच वर्षांची सत्ता आटोपली. चिमाजी अप्पांनी केलेल्या तहात निघून जाणाऱ्यांना सन्मानाने जाण्याची सवलत होती. तशीच मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस धर्माचरणाची मुभाही होती. तो तह सर्वत्र अक्षरशः पाळला गेला असे नव्हे. कित्येक चर्चे ओस पडली. परंतु बोट ठेवण्यास लेखी शब्द होता. माणिकपुरात आजही चर्चची घंटा वाजते.

काबूलच्या नशिबी एवढेही नव्हते. २०२० च्या फेब्रुवारीत दोहा येथे अमेरिकेने तालिबानशी करार केला, त्यात काबूलच्या सरकारला स्थानच नव्हते. फौजा केव्हा निघतील याचा तपशील होता. मुलींच्या शाळांविषयी अवाक्षर नव्हते. १५ ऑगस्ट २०२१ रोजी राजधानी पडली, आणि परक्यांसाठी दुभाष्याचे काम केलेली माणसे विमानतळाच्या कुंपणाशी कागद हलवीत उभी राहिली. ३० ऑगस्टला शेवटचे लष्करी विमान उडाले. मुलींना माध्यमिक शाळा बंद झाली, डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठही.

अमेरिकेला दूषणे देणे सोपे आहे! त्याच ऑगस्टमध्ये आमच्या सरकारनेही अफगाणांना दिलेले व्हिसा रद्द केले होते. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानच्या परराष्ट्रमंत्र्यांचे दिल्लीत स्वागत झाले; काबूलमधील आपल्या कचेरीस पुन्हा दूतावासाचा दर्जा मिळाला. राजकारणाची गरज म्हणून हे आम्ही समजू शकतो. मग त्याच दूतावासाने शिकू इच्छिणाऱ्या अफगाण मुलींना व्हिसा द्यावा, आणि जेथे अफगाण विद्यार्थी वर्षानुवर्षे येत आले, त्या पुण्याच्या विद्यापीठाने त्यांच्यासाठी जागा राखाव्यात.