सरकारी तिकिटावरचे माइल्स कोणाचे?

विमानाचे तिकीट काढताना एक छोटी चौकट समोर येते: फ्रिक्वेंट फ्लायर क्रमांक. स्वतःच्या खिशातून पैसे भरणाऱ्याने तिथे आपला क्रमांक जरूर टाकावा, माइल्स (म्हणजे विमान कंपनी देते ते गुण) साठवावेत आणि पुढच्या तिकिटाचे पैसे वाचवावेत. पण सरकारी दौऱ्याच्या तिकिटावर क्रमांक पडतो साहेबांचा आणि पैसे असतात तुमचे-माझे. मग वाचलेले पैसे कोणाचे?

1. याचे उत्तर सरकारनेच देऊन ठेवले आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या 13 जुलै 2017 च्या प्रवास भत्ता आदेशानुसार, कार्यालयीन प्रवासावर मिळालेले माइल्स त्या विभागाने आपल्या अधिकाऱ्यांच्या पुढच्या कार्यालयीन प्रवासासाठीच वापरायचे आहेत. खासगी प्रवासासाठी वापरले तर विभागीय कारवाई. म्हणजे ही सरकारी मालमत्ताच झाली. कचेरीतल्या मोडक्या खुर्चीचीही डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद असते. या माइल्सची नोंद कोणत्या वहीत होते, हे जनतेला कळलेच पाहिजे.

2. अडचण सांगितली जाते ती अशी: खाते व्यक्तीच्या नावावर, विभागाने त्यात हात कसा घालायचा? बदली झाली, निवृत्ती आली, की खाते साहेबांबरोबर जाते. माइल्स वापरलेच नाहीत तर मुदत संपून बुडतात आणि फायदा विमान कंपनीचा होतो. अडचण खरी आहे, पण हिशेब अशक्य मुळीच नाही. केंद्राच्या कर्मचाऱ्यांची तिकिटे बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी या तीन अधिकृत एजंटांकडूनच काढायची असतात. प्रत्येक तिकिटाची नोंद तिथे आहे. शिवाय प्रवास देयकाला बोर्डिंग पास जोडतात. तिकिटात सदस्य क्रमांक टाकला असेल, तर सहसा तो त्या पासवरही छापून येतो. म्हणजे पुरावा फायलीतच टाचलेला आहे! एमिरेट्स, सिंगापूर एअरलाइन्स यांसारख्या कंपन्या तर संस्थांच्या नावानेही गुण देतात. हिशेब ठेवायचाच नसेल तरच तो अवघड आहे.

3. यापुढचा धोका मला जास्त गंभीर वाटतो. पूर्वी सरकारी प्रवास एअर इंडियानेच करण्याचे बंधन होते; जानेवारी 2022 मध्ये ती टाटांकडे गेली आणि निवड खुली झाली. एअर इंडियाने 2024 पासून अंतराऐवजी खर्चावर गुण द्यायला सुरुवात केली, म्हणजे तिकीट जितके महाग तितके गुण जास्त. सरकारचा आदेश म्हणतो, सर्वांत स्वस्त तिकीट काढा. कंपनीची योजना म्हणते, महाग काढा आणि आमच्याकडेच या. निवडणारा एक, पैसे भरणारा दुसरा. अशा ठिकाणी निव्वळ सचोटीवर विसंबणे हा कारभार नव्हे.

4. ‘एवढ्याशा माइल्ससाठी एवढा गदारोळ?’ असे कोणी म्हणेलच. जर्मनीत 2002 साली राजकीय नेते ग्रेगोर गिझी यांनी बर्लिन राज्याचे मंत्रिपद सोडले, ते खासदार असतानाच्या संसदीय कामाच्या प्रवासातले माइल्स खासगी प्रवासाला वापरल्यामुळे. अमेरिकेने उलट वाट धरली: 2001 च्या अखेरीस कायदा करून संघराज्याच्या कर्मचाऱ्यांना हे माइल्स स्वतःकडे ठेवायची मुभा दिली. अवेळीच्या विमानांनी धावपळ करणाऱ्याला एवढे मिळावे, असे आपल्यालाही वाटत असेल तर तसा नियम उघडपणे करा. कागदावर बंदी आणि व्यवहारात डोळेझाक, हे मात्र चालणार नाही.

5. केंद्राचा आदेश महाराष्ट्राच्या कर्मचाऱ्यांना आपोआप लागू होत नाही. मंत्रालय, महामंडळे, महापालिका, विद्यापीठे, सगळीकडून दौरे निघतात. अभ्यासदौऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. या प्रत्येक संस्थेने माइल्सबाबतचा आपला नियम जाहीर करावा. नसेल तर तो करावा. करदात्याला एवढे विचारायचा हक्क नाही का?

केंद्राच्या 2012 च्या सूचनेनुसार मंत्र्यांच्या आणि सहसचिव व त्यावरील अधिकाऱ्यांच्या दौऱ्यांचा तपशील सरकारी कार्यालयांनी आपणहून प्रसिद्ध करायचा आहे. त्या तक्त्यात माइल्सचा एक रकाना वाढवा, एवढीच मागणी आहे. तोपर्यंत नागरिकांनो, माहितीच्या अधिकारात अर्ज करा. कोणाचे नाव मागू नका. एकूण आकडे मागा: वर्षभरात किती माइल्स जमा झाले, किती कार्यालयीन तिकिटांसाठी वापरले, किती मुदत संपून बुडाले? अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे आणि उत्तर तीस दिवसांत देणे कायद्याने बंधनकारक आहे.