डर्बीच्या इतिहासातून हाकललेले स्वार

१/ केंटकी डर्बीचा इतिहास केवळ गोऱ्या घोडेमालकांच्या नावांनी सांगणे ही दिशाभूल आहे. १८७५ च्या पहिल्या शर्यतीत १५ पैकी १३ जॉकी कृष्णवर्णीय होते. विजेत्या ‘ॲरिस्टिडीज’वर ऑलिव्हर लुईस स्वार होता, त्या घोड्याचा प्रशिक्षक ॲन्सेल विल्यमसन जन्माने गुलाम होता.

२/ पहिल्या २८ डर्बींपैकी १५ कृष्णवर्णीय जॉकींनी जिंकल्या. मग ते गेले कुठे? ‘कौशल्य ओसरले’ हे उत्तर खोटे आहे. गोरे जॉकी त्यांना भर शर्यतीत कठड्यावर रेटत, चाबूक मारत. पुढे मालकांनी घोडे देणेच थांबवले.

३/ १९०१ आणि १९०२ चा विजेता जिमी विंकफील्ड रशियात गेला आणि तेथेही जिंकत राहिला. कौशल्य शाबूत होते. संधी हिरावली गेली. ‘नाहीसे झाले’ असे लिहिणारा इतिहास हाकलणाऱ्यांनाच पाठीशी घालतो.