सगळंच 'ऑइल' नसतं, मंडळी!



आपल्याकडं गाडीत जे काही ओततात त्याला दोनच नावं : पाणी आणि ऑइल. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, स्टेअरिंग ऑइल, आणि तसंच ब्रेक ऑइल. माझं स्पष्ट मत असं आहे, की यातलं 'ब्रेक ऑइल' हे नाव आपण घराघरांतून बंद करावं. हे नावच घातक आहे.

कारण ब्रेकच्या डबीत तेल नसतंच. आपल्या गाड्यांत तिथं ग्लायकॉलपासून केलेला द्रव असतो. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असं लिहिलेलं असतं, बघा. त्यात इंजिनचं किंवा स्टेअरिंगचं तेल गेलं, की ब्रेकमधली रबरं फुगतात. पहिल्या दिवशी काही कळत नाही. मग ब्रेक धरून बसतात, नाहीतर ऐनवेळी लागतच नाहीत.

काही वर्षांपूर्वी इथं काकतीत आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीत हेच झालं. ब्रेकची डबी थोडी कमी दिसली म्हणून मेकॅनिकनं हाताशी होतं ते स्टेअरिंगचं तेल घातलं. "ऑइलच की ओ काका, काय होतंय त्याला!" चार दिवसांत चाकं धरून तापायला लागली. मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत सगळी रबरं बदलावी लागली. पैसे गेले ते गेले. पण त्याच आठवड्यात ते नातवंडांना घेऊन कोल्हापूरला निघणार होते. तवंदी घाट उतरताना हे झालं असतं तर?

मी बी.कॉम. झालेला, सगळी नोकरी बँकेत केलेला माणूस. आम्हाला पहिला धडा हा असायचा, की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असं नाही. एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात जमा झाली तरी तेरीज जुळतेच. गाडीचंही तसंच आहे. बॉनेट उघडलं की सगळ्या डब्या वरच्या खुणेपर्यंत भरलेल्या दिसतात. रक्कम बरोबर, खातं चूक!

आता पाण्याचं. अ‍ॅम्बॅसॅडर-फियाटच्या काळी रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी ओतून लोक घाट चढायचे. ती सवय अजून गेलेली नाही. विहिरीच्या, बोअरच्या पाण्यातले क्षार आत साचतात, गंज धरतो. कूलंट नुसतं थंड करत नाही. गंज रोखतो आणि उकळण्याची पातळीही वर नेतो. गाडी गरम असताना ते झाकण मात्र उघडू नये, उकळतं पाणी तोंडावर येतं. आणि उरलेलं कूलंट पाण्याच्या जुन्या बाटलीत कधीच ठेवू नका. चवीला गोड असतं आणि विषारी असतं. घरात लहान मुलं असतात, दारात कुत्री असतात.

काच धुण्याच्या टाकीतलं साबणाचं पाणी कूलंटच्या डबीत नको, बॅटरीत नळाचं पाणी नको. इंजिन ऑइल 'जास्त घातलं तर बरं' असंही नाही. काडीवरच्या दोन खुणांच्या मधेच हवं. जास्त झालं तर फेस होतो.

पंपावर डिझेलच्या गाडीत पेट्रोल गेलं, तर चावी फिरवायचीच नाही. डिझेल स्वतःच पंपाला वंगण देतं, पेट्रोल देत नाही. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करा. २०२० पासून बीएस-६ आल्यावर काही डिझेल गाड्यांना अ‍ॅडब्लूची वेगळी टाकी असते. ते युरियाचं पाणी आहे, डिझेलच्या टाकीत गेलं तर मोठा खर्च येतो.

काहीजण म्हणतील, "आम्ही गाडी सर्व्हिसिंगला देतो, आम्हाला काय करायचंय हे?" होय की, द्यावीच. पण दोन सर्व्हिसिंगच्या मधे ओतणारा हात कुणाचा असतो? ड्रायव्हरचा, भाच्याचा, रस्त्यावरच्या गॅरेजमधल्या पोराचा. त्या पोराला दोष देऊन काय उपयोग? त्याला आपण 'ऑइल' हा एकच शब्द शिकवला. आणि सर्व्हिसिंगच्या बिलावरही नुसतं 'ऑइल' लिहिलेलं असेल, तर कुठलं आणि कुठं घातलं हे विचारा. व्हाउचर वाचल्याशिवाय आम्ही सही करत नव्हतो.

माझी सूचना साधी आहे. येत्या रविवारी गाडीचं पुस्तक घेऊन मुला-सुनांसोबत, नातवंडांसोबत बॉनेट उघडा. प्रत्येक झाकणाजवळ मराठीत चिठ्ठी चिकटवा : 'इंजिन तेल', 'कूलंट', 'काच धुण्याचं पाणी'. ब्रेकच्या डबीवर ठळक अक्षरात लिहा : 'ब्रेक फ्लुइड, तेल नाही'. तो द्रव हवेतला ओलावा शोषतो, मग घाटात लवकर उकळतो आणि ब्रेक दगा देतो. म्हणून दर दोन वर्षांनी, किंवा पुस्तकात दिलं असेल तेव्हा, बदलून घ्या. तो कधी बदलला याची तारीखही त्याच चिठ्ठीवर घाला.

तुमच्याकडं काय पद्धत आहे, कुणाला असे अनुभव आलेत, खाली जरूर लिहा.