उशाशी जागणारा साक्षीदार

यंदा पोळ्याला मी अमरावतीहून अकोल्यास मामेभावाकडे गेलो. दादाचे घोरणे हा आमचा घरगुती विनोद. पण त्या रात्री हसू आले नाही. घोरता घोरता त्याचा श्वासच थांबे. मी मनात बारापर्यंत मोजावे, तोच तो दचकून धापा टाकी! लहानपणीच्या सांधेज्वराने त्याच्या हृदयाची झडप अरुंद झालेली.

“वहिनी, डॉक्टरांना हे सांगितलेत?”

“घोरण्याचं काय सांगाचं, भाऊजी? नीट झोप लागावी म्हणून गोळी आणली मी.”

ती गोळी मी देऊ दिली नाही. तिने घसा अधिकच सैलावतो. झडप बिघडली की रक्त फुप्फुसांत तुंबते, आडवे होताच दम लागतो. त्यात झोपेत घसा मिटतो, किंवा मेंदूच श्वासाचा ताल चुकवतो. हृदयरोग्याचा असा चढता, ओसरता, थांबणारा श्वास डब्लिनच्या चेन यांनी १८१८ साली व स्टोक्स यांनी १८५४ साली नोंदवला आहे.

वाचकहो, झोपलेल्याला यातले काहीच कळत नाही. सकाळी डॉक्टरांपुढे वहिनीच बोलल्या, आणि दादाची रात्रभराची झोपेची तपासणी ठरली. तुमच्या घरीही हृदयाचा रोगी घोरत असेल, तर थट्टेआधी एक रात्र कान देऊन ऐका!