सुरुंगावर कोण निजले आहे?

मार्च २००२ मध्ये 'लगान'चे ऑस्कर हुकले. आम्ही तेव्हा शाळेत होतो. गुरुजींपासून पोरांपर्यंत सगळा वर्ग हळहळला होता. ज्या चित्रपटाने 'लगान'ला हरवले, त्याचे नाव कोणालाच धड ठाऊक नव्हते. 'कुठल्यातरी बोस्नियाचा पिक्चर' एवढेच कळले होते. त्या दिवसांत शाळेच्या मैदानावर आम्ही 'लगान' खेळायचो. भुवन कोण होणार यावरून रोज भांडण व्हायचे. कचरा कोण होणार यावरून कधीच झाले नाही. ते आधीच ठरलेले असायचे. आम्ही वस्तीतून यायचो, म्हणून आम्ही कचरा.

त्या बोस्नियाच्या चित्रपटाशी आमची गाठ पडली ती फार पुढे, समाजशास्त्रात एम.ए. करताना. त्याचे नाव 'नो मॅन्स लँड'. दिग्दर्शक दानिस तानोविच. सारायेवोच्या वेढ्यात स्वतः कॅमेरा घेऊन युद्ध टिपलेला हा माणूस. अलीकडे वस्तीतल्या विहारात पडदा लावून मुलांसोबत 'फँड्री' पुन्हा पाहिला आणि हे दोन चित्रपट आमच्या डोक्यात एकमेकांशेजारी येऊन बसले. राष्ट्र आणि युद्ध यांच्यावर हसणारे चित्रपट आपल्याला का हवेत, आणि आपल्या देशात ते का होत नाहीत, याबद्दल आम्हाला काही म्हणायचे आहे.

आधी 'नो मॅन्स लँड'ची गोष्ट. काळ १९९३ चा. बोस्नियन आणि सर्ब फळ्यांच्या मधोमध एक खंदक. धुक्यात वाट चुकलेली बोस्नियन तुकडी उजाडताच गोळीबारात सापडते. त्यातला चिकी नावाचा सैनिक खंदकात पडून वाचतो. पाहणीसाठी दोन सर्ब येतात. त्यातला मुरलेला शिपाई त्सेरा नावाच्या बोस्नियन सैनिकाचे प्रेत उचलतो आणि त्याच्या पाठीखाली सुरुंग ठेवतो. प्रेत न्यायला जे येतील ते उडावेत, हा हिशोब. वरचे वजन हटले की सुरुंग फुटणार. चिकी त्या शिपायाला गोळी घालतो, त्याच्याबरोबरचा नवखा निनो जखमी होतो. आणि मग प्रेत डोळे उघडते. त्सेरा मेलेलाच नसतो, बेशुद्ध असतो. आता त्याला जगायचे असेल तर एकच काम आहे. हलायचे नाही.

पुढचा सगळा चित्रपट या एका विचित्र अवस्थेवर उभा आहे, आणि तो हसवतो. चिकी आणि निनो यांच्यात वाद होतो की युद्ध कोणी सुरू केले. बंदूक चिकीच्या हातात असते तेव्हा निनो कबूल करतो, आम्ही केले. बंदूक निनोच्या हाती जाते तेव्हा तीच कबुली चिकीला द्यावी लागते. इतिहास कोण लिहितो यावर एम.ए.च्या दोन वर्षांत आम्ही जेवढे ऐकले, तेवढे या दोन प्रसंगांत आहे. ज्याच्या हाती बंदूक त्याचा इतिहास. आपल्याकडे ज्याच्या हाती पोथी त्याचा धर्म, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगलेच आहे. थोड्या वेळाने हेच दोघे बोलता बोलता शोधून काढतात की एकच मुलगी दोघांच्या ओळखीची आहे. घटकाभर दोन शत्रू दोन गाववाले होतात. पुन्हा बंदूक मध्ये येते.

मग संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैनिक येतात. वरचा कर्नल हात झटकतो, खालचा सार्जंट धडपडतो. टीव्हीवाले येतात. सुरुंग काढणारा जर्मन तज्ज्ञ येतो, बघतो आणि सांगतो की हा निघणार नाही. चिकी आणि निनो शेवटी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मरतात. त्सेराला वाचवले, असे कर्नल पत्रकारांना खोटेच सांगतो आणि ताफा निघतो. कॅमेरामन वार्ताहर बाईंना विचारतो, खंदकाचे चित्रण घ्यायचे का? त्या म्हणतात, नको, खंदक सगळे सारखेच असतात. शेवटच्या दृश्यात अंधार पडत असतो आणि त्सेरा एकटाच त्या सुरुंगावर पडून असतो. त्याच्यावर कोणी गोळी झाडत नाही. त्याला फक्त सोडून जातात.

आता 'फँड्री'. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट फेब्रुवारी २०१४ मध्ये आला, आणि तो युद्धपट नाही हे आम्हालाही कळते. पण त्यातला एक प्रसंग आठवा. गावची जत्रा आहे, डुकराचा विटाळ नको, म्हणून कैकाडी समाजाच्या कचरू मानेच्या कुटुंबाला डुकरे धरायला जुंपले आहे. बायकापोरांसकट सगळे घर चिखलातून, काट्यांतून पळते आहे. गाव तमाशा बघावा तसे बघत बसले आहे. डुक्कर हाताशी येते आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते. जब्या थांबतो. सगळे घर जागच्या जागी ताठ उभे राहते. डुक्कर मात्र निघून जाते. त्याला राष्ट्र नाही.

विहारात या प्रसंगाला पोरे खो खो हसली. मागे बसलेल्या एक आजी हसल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "उभं राहाया मातर समद्यात आधी आपुनच."

आजींनी आमचा अर्धा लेख तिथेच लिहून टाकला. त्सेरा आणि जब्या यांच्यात हजारो मैलांचे अंतर आहे, पण दोघांना आज्ञा एकच आहे. हलायचे नाही. या देशासाठी काय करावे लागते, असा प्रश्न आपल्या नेहमीच्या देशभक्तीपटांत नायकाला पडतो. त्याचे उत्तर भाषण, झेंडा आणि बंदूक यांतून मिळते. काळा विनोद करणारा चित्रपट दुसराच प्रश्न विचारतो. हे सगळे चालू असताना सुरुंगावर कोण निजले आहे? हा प्रश्न एकदा पडला की देशभक्तीच्या गाण्याचा ताल बिघडतो. म्हणूनच असे चित्रपट काढायला निर्माते आणि प्रस्थापित धजत नाहीत. नाही म्हणायला 'वॉर छोड ना यार' (२०१३) किंवा दोन देशांच्या दोन सैनिकांची गोष्ट सांगणारा 'क्या दिल्ली क्या लाहोर' (२०१४) असे प्रयत्न झाले. ते किती जणांनी पाहिले, हे वाचकांनी स्वतःलाच विचारावे.

आणि गंमत अशी की पडद्यावर जो विनोद आपण होऊ देत नाही, तो पडद्याबाहेर रोज घडतो. महाराष्ट्रात २००३ पासून चित्रपटगृहात खेळाआधी राष्ट्रगीत लागते. म्हणजे 'फँड्री' पाहायला गेलेला प्रेक्षक आधी राष्ट्रगीताला उभा राहिला, खाली बसला, आणि मग पडद्यावर पुन्हा राष्ट्रगीत लागले. आता उभे राहायचे की नाही? हा प्रश्न इतका गंभीर ठरला की फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला खुलासा करावा लागला, की चित्रपटाच्या कथेत राष्ट्रगीत आले तर प्रेक्षकांनी उभे राहण्याची गरज नाही. त्याआधी २०१६ मध्ये पणजीच्या एका चित्रपटगृहात, राष्ट्रगीताला उभे राहिले नाहीत म्हणून एका लेखकाला मागच्या रांगेतून मारहाण झाली. ते लेखक व्हीलचेअर वापरणारे होते. कुबरिकच्या 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह'मध्ये (१९६४) युद्धकक्षात मारामारी करू नका म्हणून राष्ट्राध्यक्ष रागावतात, त्यावर जग आजही हसते. पणजीच्या प्रसंगावर हसायला आपल्याला कोणी शिकवले नाही. उभे राहणे एकदा सक्तीचे झाले, की माणसाला पाय आहेत की नाहीत हे बघायचे सुचत नाही.

इथे आपल्याच माणसांचा एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. सैन्याने आपल्याला माणूसपण दिले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. दर १ जानेवारीला आपण कोरेगाव भीमाच्या स्तंभाला मानवंदना देतो. मग सैनिकावर हसणारे चित्रपट आपण का उचलून धरायचे?

आमचे उत्तर असे की हा विनोद सैनिकावर नाही. तो सैनिकाला वापरणाऱ्यावर आहे. आणि वापरले जाणे म्हणजे काय हे आपल्या इतिहासाइतके कोणाला ठाऊक? कंपनीच्या मुंबई फौजेत महारांनी पिढ्यान्‌पिढ्या लढाया मारल्या. पुढे इंग्रजांनी 'लढवय्या जाती'चा सिद्धांत काढला आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद केली. कारण काय, तर तुम्ही लढवय्ये नाही. लढवय्ये कोण? ज्यांना आम्ही भरती करतो ते. भरती कोणाला करता? जे लढवय्ये आहेत त्यांना. जोसेफ हेलरच्या 'कॅच-२२' कादंबरीवर १९७० मध्ये चित्रपट निघाला. त्यातल्या सैनिकाला असेच सांगतात, की वेडा असशील तर मोहिमेतून सुटका मिळेल, पण सुटका मागितलीस म्हणजे तू शहाणा आहेस. तो सैनिक काल्पनिक आहे. आपले पेन्शनर खरे होते. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी या बंदीविरुद्ध लिहिलेले अर्ज खरे होते. पहिले महायुद्ध पेटले, माणसे कमी पडली, तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली. युद्ध संपले, १९२१ मध्ये ती मोडली. दुसरे महायुद्ध आले, १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. युद्ध आले की लढवय्ये, युद्ध गेले की अस्पृश्य.

आता 'लगान'कडे परत या. त्याची कथा १८९३ सालातली आहे. ज्या सुमारास फौजेचा दरवाजा आपल्या तोंडावर बंद होत होता, नेमक्या त्याच वर्षात पडद्यावरचा भुवन कचराला संघात घेतो. का घेतो? त्याच्या अधू हाताने चेंडू वळतो म्हणून. भुवनचे अस्पृश्यतेवरचे भाषण चांगले आहे, पण त्या भाषणाला सामना जिंकण्याची निकड चिकटलेली आहे. सामना झाल्यावर कचराला गावच्या विहिरीवर पाणी मिळाले का, हे चित्रपट सांगत नाही. आणि कचराचा पुढचा प्रवास आपण पाहिलाच. जून २०२३ मध्ये एका कंपनीने पर्यावरण दिनाच्या जाहिरातीत त्याच पात्राला कचऱ्यापासून बनवलेले टेबल, दिवा असे काय काय करून दाखवले. आपल्या लोकांनी संताप व्यक्त केल्यावर जाहिरात मागे घेतली गेली. त्यांच्या मते तो विनोद होता.

म्हणून हसू हसू यात फरक करावा लागतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये हा फरक एकाच चित्रपटात दिसतो. मॅनहोलमध्ये उतरलेला एक कामगार मरतो आणि त्याला आत्महत्येस प्रवृत्त केले म्हणून लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर खटला भरतात. कसे प्रवृत्त केले? गाणे म्हणून. नागपूरचे आपले कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी ही भूमिका केली. २०२१ मध्ये कोरोनाने ते गेले. त्याच चित्रपटात सरकारी वकील बाई कुटुंबासह नाटकाला जातात. मराठी अस्मितेच्या नावाने परप्रांतीयाला हाकलणारे ते नाटक बघून सगळे प्रेक्षागृह हसते. आपण मात्र त्या प्रेक्षागृहाकडे बघून अस्वस्थ होतो. एक हसू दुबळ्याच्या अंगावर जाते. दुसरे हसू, ज्याने हा खटला भरला त्याच्या कायद्यावर, निशाणावर आणि गांभीर्यावर जाते. पहिले आपण हजारो वर्षे सोसले. दुसरे आपण अजून पुरते वापरलेलेही नाही. सीमेवर मेलेल्याला हुतात्मा म्हणतात. गटारात मेलेल्याच्या अंगावर तिरंगा टाकत नाहीत. दोघेही देशाच्याच कामावर गेले होते. हे वाक्य सभेत म्हटले तर टाळ्या पडतात आणि विषय संपतो. 'कोर्ट' बघताना तो घरापर्यंत सोबत येतो.

त्या रात्री विहारात पडदा गुंडाळताना भरतीची तयारी करणारा एक मुलगा थांबला. रोज पहाटे पाच वाजता हायवेच्या कडेने धावतो. म्हणाला, "दादा, मग आम्ही अग्निवीरला जाऊ नाही का?" आम्ही काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "चार वर्षं सावधान, मग आयुष्यभर विश्राम." सगळे हसले. २०२२ मध्ये आलेल्या त्या योजनेत चार वर्षांनी फार तर पंचवीस टक्के जवान कायम होतात, हे तिथल्या प्रत्येकाला पाठ होते. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "पण मी जाणार. घरी दुसरं काय आहे?"

आम्ही त्याला जाऊ नको म्हटले नाही. तसे म्हणायचा आम्हाला अधिकारही नाही. एवढेच म्हणालो, की जा, आणि जो प्रश्न आत्ता तुझ्या तोंडून आला तो तिथेही विसरू नकोस. योजना आखणाऱ्यांच्या घरातली पोरे पहाटे पाचला कुठल्या रस्त्यावर धावतात, हे विचारणे देशद्रोह नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते, की हजारो जातींत विभागलेले आपण राष्ट्र आहोत असे मानणे हा मोठा भ्रम आहे, आणि हे जितक्या लवकर ओळखू तितके बरे. ते राष्ट्राच्या विरोधात बोलत नव्हते. राष्ट्र अजून घडवायचे आहे, ते बंधुतेशिवाय घडणार नाही, हे सांगत होते. काळा विनोद बंधुता आणू शकत नाही. चॅप्लिनने १९४० मध्ये 'द ग्रेट डिक्टेटर' काढला, पण छळछावण्यांतली खरी क्रूरता ठाऊक असती तर तो काढू शकलो नसतो, असे पुढे त्यानेच लिहिले. विनोदाला ही मर्यादा आहे. पण भ्रम ओळखण्याचे काम तो चोख करतो, आणि पहिली पायरी तीच आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. येत्या वर्षावासात विहारांत प्रवचनांसोबत एक संध्याकाळ चित्रपटाला द्या. 'नो मॅन्स लँड' दाखवा, 'कोर्ट' दाखवा, 'फँड्री' पुन्हा दाखवा. पोरे हसतील, त्यांना हसू द्या. मग दिवे लावा आणि एकच प्रश्न विचारा, सुरुंगावर कोण निजले आहे? उत्तर आजी देतील.

जय भीम!